पाटकरी आणि ॲडमिन

एखादा ऑनलाइन गेम बंद होतो तेव्हा नेमकं काय बंद होतं? गेमची फाइल तर आपल्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर तशीच असते. आयकॉनवर बोट ठेवलं की लोगो येतो, संगीत वाजतं. मग सर्व्हरशी संपर्क होत नसल्याची एक ओळ दिसते आणि सगळं तिथेच थांबतं.

माझ्या वयाच्या खूप जणांनी ती ओळ २०२० मध्ये पाहिली. २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. ३० ऑक्टोबरला भारतापुरते त्याचे सर्व्हर थांबले. पुढे जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अडवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. बंदी योग्य होती की नव्हती, हा इथे मुद्दा नाही. मुद्दा एवढाच, की या सगळ्या ये-जा मध्ये खेळणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही आणि विचारावं अशी त्याची जागाही नव्हती. जळगावच्या कॉलेजरोडवर रात्री चौघं मित्र स्क्वाड करून बसायचे ती जागा त्यांची कधी नव्हतीच. ते तिथले भाडेकरूसुद्धा नव्हते, कारण भाडेकरूला निदान नोटीस तरी मिळते.

हे फक्त सरकारी बंदीने होतं असं नाही. 'द क्रू' नावाचा गाड्या पळवायचा गेम २०१४ मध्ये विक्रीला आला. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने त्याचे सर्व्हर बंद केले. लोकांनी रोख पैसे देऊन डिस्क विकत घेतल्या होत्या. एकट्याने गाडी चालवायची म्हटली तरी सर्व्हर लागत असल्यामुळे त्या डिस्कचा आता बशी म्हणूनही उपयोग नाही.

म्हणून प्रश्न असा पडतो: ज्या जागेला खेळणाऱ्यांमुळेच जागा म्हणायचं, त्या जागेवर अधिकार कुणाचा? मशीन ज्याचं त्याचा, की तिथे रोज येऊन ती जिवंत ठेवणाऱ्यांचा?

सर्व्हर म्हणजे काय, ते आधी

ऑनलाइन खेळात प्रत्येकाच्या स्क्रीनवर जे दिसतं ते थोडं थोडं वेगळं असतं. माझ्या स्क्रीनवर मी आधी गोळी मारलेली असते, तुमच्या स्क्रीनवर तुम्ही. खरं काय घडलं हे तिसऱ्याच एका कॉम्प्युटरने ठरवायचं असतं. तो सर्व्हर. क्रिकेटमधला पंच, स्कोअरर आणि मैदान हे तिन्ही एकाच डब्यात बसवले तर जे होईल ते. म्हणून सर्व्हर ज्याच्या हातात, त्याच्या हातात फक्त मशीन नसतं. कोण आत येणार, कुठले नियम चालणार, कुणाला बाहेर काढायचं, हे सगळं त्याच्या हातात असतं.

आज आपल्याला वाटतं की हा डबा कंपनीकडेच असणार. पण सुरुवात तशी नव्हती. काउंटर-स्ट्राइक हा खेळच मुळात १९९९ मध्ये दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या दुसऱ्याच गेममध्ये बदल करून बनवला होता. वॉल्व्ह कंपनीने तो नंतर आपल्याकडे घेतला. त्याचा सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळायचं आणि जगभर लोक ते आपापल्या मशीनवर चालवायचे. कुणी फक्त 'डस्ट टू' हा एकच नकाशा चोवीस तास ठेवायचा, कुणी स्नायपर बंदुकीवर बंदी घालायचा, कुणी शिवी दिली की पाच मिनिटांसाठी गप्प करायचा. आपल्याकडच्या सायबर कॅफेत आणि इंजिनियरिंगच्या होस्टेलांत काउंटर-स्ट्राइक १.६ इतकी वर्षं टिकला त्याचं कारणही हेच. इंटरनेट नसलं तरी चालायचं. एका खोलीतला एक जण सर्व्हर सुरू करायचा, बाकीचे त्याला जोडले जायचे.

माइनक्राफ्टमध्येही असंच आहे. जावा आवृत्तीची सर्व्हरची फाइल कंपनीच्या साइटवरून कुणीही उतरवून घ्यावी आणि आपलं जग सुरू करावं.

खानदेशातल्या माणसाला यात एक साधा फायदाही आहे, तो म्हणजे अंतराचा. जळगावहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे पावणेचार हजार किलोमीटर आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सगळं आदर्श असलं तरी जाऊन यायला अडतीस मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात तार वळणं घेत जाते, त्यामुळे बरेच जास्त लागतात. मुंबई सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरवर, म्हणजे साडेतीन-चार मिलिसेकंद. होस्टेलच्या शेजारच्या खोलीतलं मशीन तर एका मिलिसेकंदाच्याही आत. सर्व्हर जवळ असणं याला भौतिकशास्त्रातही अर्थ आहे. माझं म्हणणं असं, की त्याला नीतीतही अर्थ आहे.

आमचं गाव

लॉकडाऊनमध्ये आम्ही बारा जणांनी एक माइनक्राफ्ट सर्व्हर चालवला. काही धुळ्याचे, काही जळगाव-भुसावळचे, दोघं पुण्यात अडकलेले. पहिला बेत असा होता की धुळ्यात देवपूरला एकाच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे, त्यावरच ठेवू. तो जमला नाही, आणि का जमला नाही हे सांगण्यासारखं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. एखाद्या मोठ्या वाड्याला पोस्टाचा एकच पत्ता असावा, आतल्या माणसाला बाहेर पत्र टाकता यावं, पण बाहेरच्या पोस्टमनला आतली नेमकी खोली सापडू नये, तसं. आपण जगाकडे जाऊ शकतो, जग आपल्याकडे येऊ शकत नाही. इंटरनेटचा वापर करायला मिळतो, त्यावर आपलं दुकान मांडता येत नाही. खानदेशातल्या पोराला सर्व्हर का चालवता येत नाही याचं उत्तर हुशारीत नाही, तर या पत्त्यात आहे.

शेवटी मुंबईतलं एक छोटं मशीन भाड्याने घेतलं आणि महिन्याची वर्गणी ठरली. ज्याला नोकरी होती त्याने जास्त दिली, ज्याची गेली होती त्याची माफ. सगळ्या चाव्या एकाकडे होत्या, तो ॲडमिन. चॅट निम्मं अहिराणीत चालायचं. 'कथा शे रे भो?' असं कुणी विचारलं की नकाशावरचा कोऑर्डिनेट पाठवायचा.

दोन महिन्यांनी एकाच्या घरातलं सगळं लोखंड आणि हिरे गेले, आणि शेजारचं लाकडी घर जळालं. माइनक्राफ्ट सर्व्हरवर एक प्लगइन बसवता येतं, ज्यात कुणी कुठली वीट कधी फोडली याची नोंद राहते. ॲडमिनला नाव पाच मिनिटांत कळलं. आमच्यातल्याच एकाचा सोळा वर्षांचा चुलतभाऊ, हट्टाने आत घेतलेला. ॲडमिनला एक ओळ टाइप करून त्याला कायमचं हाकलता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. त्या रात्री सगळ्यांना आवाजी कॉलवर बोलावलं आणि पोराला आधी बोलू दिलं. दीड तास वाद झाला. काही जण म्हणाले काढा, काही म्हणाले खेळच तर आहे. ठरलं ते असं: आठवडाभर बाहेर, मग परत येऊन ज्याचं घर जाळलं त्याच्या देखरेखीखाली ते पुन्हा बांधायचं, आणि तोवर कुणीही टोमणा मारायचा नाही.

तो आला, आणि त्याने घर आधीपेक्षा चांगलं बांधलं. मी तोवर सोसायटीच्या सभेला कधी गेलो नव्हतो, कॉलेजमध्ये कधी निवडणूक पाहिली नव्हती. अपराध काय, शिक्षा किती, पुरावा कुणाकडे, शेवटचा शब्द कुणाचा, हे मला पहिल्यांदा त्या कॉलवर शिकायला मिळालं. कंपनीच्या सर्व्हरवर हेच घडलं असतं तर एक तक्रारीचं बटण असतं, एक आपोआप आलेला संदेश असता आणि एक गायब झालेलं खातं असतं. न्याय कदाचित लवकर झाला असता, पण आम्हाला त्यात काहीच करायचं नसतं.

पांझरेकाठचे फड

हे सगळं नवं नाही, आणि खानदेशात तर अजिबात नाही. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पांझरा नदीवर आणि तिकडे नाशिकच्या बागलाणात मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीचं सिंचन तीन-चारशे वर्षं चाललं. नदीवर बंधारा. बंधाऱ्यातून निघणारा कालवा, दोनपासून बारा किलोमीटरपर्यंत. त्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग, आणि जास्तीचं पाणी परत सोडायला सांडवे. कालव्याखालच्या जमिनीचे साधारण चार मोठे तुकडे, ते फड. एका फडात त्या वर्षी एकच पीक. कुठला फड भिजवायचा, कुठला कोरडा ठेवायचा, ऊस कुठे लावायचा, हे गाव दरवर्षी बसून ठरवायचं. शेतकऱ्याची जमीन बहुधा वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असायची, त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवला तर तोटा एकट्यावर येत नसे.

आणि ही व्यवस्था चालवायला माणसं असायची. पाटकरी पाणी सोडायचा, शेताशेताची पाळी बघायचा. जागल्या पिकाची राखण करायचा. त्यांच्यावर देखरेखीला हवालदार. यांचा मोबदला शेतकरी पिकातून द्यायचे. म्हणजे पाटकऱ्याच्या हातात दार होतं, पण पाटकऱ्याचं पोट ज्यांना पाणी द्यायचं त्यांच्या हातात होतं. तो लांबच्या शहरातून नेमलेला नव्हता. त्याने पाळी चुकवली तर संध्याकाळी त्याला त्याच पारावर बसायचं होतं.

ॲडमिन म्हणजे पाटकरी. नोंद ठेवणारं प्लगइन म्हणजे जागल्या. वर्गणी म्हणजे पिकातला वाटा. ही तुलना मला सुचली ती गंमत म्हणून नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावर. पाणी, कुरणं, मासेमारी अशा सामाईक गोष्टी सरकार किंवा खासगी मालक यांच्याशिवाय टिकतच नाहीत, असा समज होता. ऑस्ट्रॉमबाईंनी स्पेन, फिलिपिन्स, जपान, स्वित्झर्लंड इथली शतकानुशतकं टिकलेली उदाहरणं मांडून १९९० च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की काही अटी पाळल्या तर टिकतात. आत कोण आणि बाहेर कोण हे स्पष्ट असावं. नियम ज्यांना लागू, त्यांना ते बदलता यावेत. राखण करणारा राखणाऱ्यांना उत्तरदायी असावा. पहिल्या चुकीला छोटी शिक्षा, पुढच्या चुकीला मोठी. भांडण मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त असावी. आठवडाभर बाहेर राहून घर पुन्हा बांध, असं म्हणणाऱ्या आमच्यापैकी कुणी हे पुस्तक वाचलेलं नव्हतं. फडाचे नियम करणाऱ्यांनी तर नाहीच.

पण ॲडमिनच चोर निघाला तर?

आता दुसरी बाजू. ज्याने सार्वजनिक सर्व्हरवर चार रात्री काढल्या आहेत त्याला माहीत आहे की ॲडमिन किती लहरी असू शकतो. हरायला लागला की नकाशा बदलतो. मित्राची चीटिंग दिसत नाही. पैसे देणाऱ्याला जास्त ताकद विकतो. मुलीचा आवाज माइकवर ऐकू आला की काय काय सुरू होतं आणि ॲडमिन कसा हसत बसतो, हे मुलींना विचारावं. जवळची सत्ता आपोआप चांगली नसते. उलट गावची सत्ता कधी कधी दिल्लीच्या सत्तेपेक्षा जास्त बोचते, कारण ती आपल्याला नावाने ओळखते.

फडाचंही तेच. पाण्याच्या बैठकीत शब्द होता तो ज्याची फडात जमीन आहे त्याचा. भूमिहीन मजूर तिथे राबत होता, ठरवत नव्हता. बायका निंदणी-कापणीला होत्या, बैठकीत नव्हत्या. 'समाजाने चालवलेलं' असं आपण म्हणतो तेव्हा समाज म्हणजे कोण, हे विचारलंच पाहिजे. चांगल्या कंपनीचा कोरडा, सगळ्यांना सारखा लागू होणारा नियम अशा वेळी सुटका वाटू शकतो, आणि ते खोटं नाही.

मग मी तरीही सामुदायिक सर्व्हरच्या बाजूने का? कारण वाईट ॲडमिनवर एक इलाज आहे, जो वाईट कंपनीवर नाही. सर्व्हरचं सॉफ्टवेअर सगळ्यांकडे असतं. ॲडमिन माजला तर पाच जण उठतात, दुसरं मशीन घेतात आणि नवं जग सुरू करतात. मुलींनी चालवलेले, शिवी दिली की बाहेर काढणारे सर्व्हर असेच उभे राहिले आहेत. बंडाचा खर्च महिन्याला काही शे रुपये. माणसाला नांदायची सक्ती नसली की नांदवणारा आपोआप जरा नीट वागतो.

आणि इथेच फड आणि सर्व्हर यांच्यात मोठा फरक आहे. पांझरा एकच आहे. पाटकऱ्याशी पटलं नाही म्हणून दुसरी नदी काढता येत नाही. त्यामुळे फडावरच्या माणसाला थांबून भांडावं लागलं, मिटवावं लागलं, पुन्हा त्याच बांधावर जावं लागलं. कदाचित म्हणूनच ती पद्धत तीनशे वर्षं टिकली. आणि कदाचित म्हणूनच आमच्यासारखे सर्व्हर दीड-दोन वर्षांत विझतात. कुणाची नोकरी लागते, कुणाचं लग्न होतं, एक महिना वर्गणी कुणीच मागत नाही. निघून जाता येणं हे आपलं संरक्षण आहे, आणि तोच आपला दुबळेपणाही. ज्या जागेतून कधीही उठून जाता येतं, ती दुरुस्त करायचे कष्ट कोण घेतो?

कुणी मोडलं?

फड कसे विरले हेही पाहण्यासारखं आहे. नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, तसं बंधाऱ्यात पाणी कधी आणि किती येणार हे धरणाच्या दारावर ठरू लागलं. गावाची बैठक उरली, पण तिच्या हातातलं पाणी गेलं. दुसरीकडे विहिरी आल्या, विजेच्या मोटारी आल्या. ज्याला परवडलं त्याला पाळीची वाट बघायची, बैठकीत बसायची, कुणाचं ऐकून घ्यायची गरज उरली नाही. म्हणजे अर्धं काम वरच्या सत्तेने केलं आणि अर्धं आपल्या सोयीने. २००५ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला आणि पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. एकदा मोडलेली सवय अशी कागदावर परत बोलवावी लागते.

गेममध्येही असंच झालं. कंपन्यांनी सर्व्हर आपल्याकडे ओढले, कारण ज्याच्याकडे सर्व्हर त्यालाच बंदुकीचे रंग आणि कपडे विकता येतात. पण आपणही गेलो. 'प्ले'चं बटण दाबलं की तीस सेकंदांत नऊ अनोळखी लोक मिळतात. सर्व्हरची यादी चाळा, ओळख काढा, नियम वाचा, वर्गणी द्या, एवढं कोण करतो? ती मोटार होती आणि आपण ती बसवली.

तरीही मोडलेलं परत जोडलं जातं. 'सिटी ऑफ हीरोज' हा गेम २०१२ च्या नोव्हेंबरअखेरीस बंद झाला. चाहत्यांनी तो गुपचूप चालू ठेवला, २०१९ मध्ये ते उघड झालं, आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने 'होमकमिंग' या चाहत्यांच्या सर्व्हरला रीतसर परवाना दिला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची जुनी आवृत्ती चालवणारा 'नॉस्टॅल्रियस' हा सर्व्हर एप्रिल २०१६ मध्ये ब्लिझार्डच्या कायदेशीर दबावामुळे बंद पडला, पण ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझार्डलाच ती जुनी आवृत्ती अधिकृतपणे आणावी लागली. आणि 'द क्रू' बंद झाल्यावर सुरू झालेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेच्या युरोपातल्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्यांची मागणी साधी आहे: कंपनीने गेम कायम चालवावा असं नाही, पण जाताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा.

मला ती मागणी नैतिकदृष्ट्या बरोबर वाटते. बंधारा बांधला म्हणून नदी आपली होत नाही. कंपनीने मशीन दिलं, कोड दिला, त्याचे पैसे घेतले. पण त्या जागेत जी ओळख, जे नियम, जे शब्द तयार झाले ते तिने दिलेले नाहीत. तिला कंटाळा आला किंवा परवडेनासं झालं तर तिने जावं, पण दाराची चावी ओट्यावर ठेवून जावं.

आणि चावी मिळाल्यावर काय, हा प्रश्न आपला. चावी म्हणजे रात्री दोनला सर्व्हर पडला की उठणं, वर्गणी मागताना वाईट होणं, मित्राच्या चुलतभावाला शिक्षा सुनावणं आणि त्याच्याशी दुसऱ्या दिवशीही नीट बोलणं. पाटकऱ्याचं काम मानाचं कमी आणि चिखलाचं जास्त होतं. पण ते करणारा गावात कुणीतरी होता, म्हणून पाणी शेवटच्या शेतापर्यंत जायचं. आपल्या पिढीला जागा हव्या आहेत, त्या स्वतःच्या हव्या आहेत, हे खरं आहे. मग दर आठवड्याला चारी कोण उपसणार, हेही एकदा ग्रुपवर ठरवून टाकू.